पंचफुलाबाईची पाली

सिलोनची पाहुणी कोणाच्या घरी उतरेल यावरून त्या वर्षी विहारात जेवढा वाद झाला, तेवढा विहाराच्या जागेवरूनही झाला नव्हता.

दसरा तोंडावर आला होता. दीक्षाभूमीवर तेव्हा स्तूप नव्हता, नुसतं उघडं मैदान होतं, अन् दसऱ्याला त्या मैदानात माणूस मावत नसे. लोक खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून यायचे, जिथे जागा मिळेल तिथे चुली मांडायचे. त्या गर्दीत त्या वर्षी लंकेचे यात्रेकरूही येणार होते. लंकेला तेव्हा सगळे सिलोनच म्हणत. पुरुष मंडळी शाळेत उतरतील अन् बाया वस्त्यावस्त्यांतून घरोघरी, असं ठरलं. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीच्या वाट्याला एक बाई आली.

विहार समितीचे सेक्रेटरी आनंदराव पोस्टात होते. ते इस्त्रीचा शर्ट घालायचे अन् बोलायच्या आधी खाकरायचे. खाकरून ते म्हणाले, "पाहुणीची व्यवस्था चारुशीलाबाईंकडे करू. पक्कं घर आहे, पंखा आहे, अन् मुख्य म्हणजे त्यांना इंग्रजी येतं."

बायांच्या बाजूने पंचफुला उठली. गिरणीत राबून वारलेल्या लहानूची ही बायको. नवरा गेल्यावर एका मुलाला अन् अख्ख्या गल्लीला तिने धाकात वाढवलं होतं.

"काहून गा आनंदराव, आमची घरं काय कोंबड्यायसाठी बांधली हायेत?"

"तसं नाही मावशी. पाहुणी परदेशातली. तिच्याशी बोलाले कोणी पाहिजे ना."

"मी बोलतो ना."

"कोणत्या भाषेत?"

"तिच्या."

विहारात हशा पिकला. पंचफुलाने तो पिकू दिला, अन् ओसरला तशी म्हणाली, "हसून झालं? आता सांगा. बुद्धाची भाषा कोणती? पाली. सिलोनवाले बुद्धाचे कधीपासून? तुमच्या आज्याच्या आज्याचाही जन्म नव्हता तेव्हापासून. मंग ते घरात काय बोलत असतीन, हिंदी? अन् मले पूरी वंदना पाठ हाये. इथी कोणाले हाये तेवढी, उभं राहून सांगावं."

कोणी उभं राहिलं नाही. चारुशीलाबाई मात्र हळूच म्हणाल्या, "पंचफुलाबाई, ते लोक घरी सिंहली बोलतात. पाली फक्त वंदनेपुरती."

"तू गेली होती वं पाहाले?"

चारुशीलाबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या अन् कामठीच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. आनंदरावांनी पुन्हा खाकरून मधला रस्ता काढला. पाहुणी एक रात्र पंचफुलाकडे राहील. सकाळी ते स्वतः रिक्षा घेऊन येतील. तिचं काही अडलं असेल, ती उपाशीतापाशी राहिली असेल, तर तिला चारुशीलाबाईंकडे नेतील.

"ये," पंचफुला म्हणाली. "रिकामी रिक्षा परत नेजो."

पाहुणीचा एवढा अट्टाहास कशासाठी, हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण विहारात बसलेल्या प्रत्येकीच्या पोटात तेच होतं. पारशिवनीकडच्या तिच्या खेड्यात तिची आई पाटलाच्या घरची तूर निवडायची. आईने निवडलेली तूर पाटलिणीला चालायची, आईने शिजवलेली डाळ मात्र चालली नसती. पंचफुला तेव्हा आईच्या पदराला धरून त्या अंगणाच्या कडेला उभी असायची. छप्पन सालच्या दसऱ्याला त्या उघड्या मैदानात पांढरं लुगडं नेसून उभी राहिली तेव्हा ते अंगण तिने मागे टाकलं. पण आपल्या चुलीवरचं आपल्या ताटात कोणी परक्याने बसून जेवलंय, असं अजून झालं नव्हतं. आता समुद्रापलीकडून एक बाई येत होती.

तिची पाली कानाने शिकलेली. शाळेत ती जेमतेम दुसरीपर्यंत गेली, अन् अक्षरं जोडताजोडता वाक्य संपायच्या आधी तिचा धीर संपायचा. कान मात्र सोनाराच्या काट्यासारखा. पावसाळ्यात भन्तेजी विहारात मुक्कामाला असत. ते आधी म्हणून दाखवत, मग अर्थ सांगत. म्हणणं ऐकायला पंचफुला पहिल्या ओळीत. पण अर्थाला सुरुवात झाली की चौकातल्या नळाला पाणी येई, अन् घागर घेऊन तिला उठावं लागे. पंचशीलाचा अर्थ गल्लीतल्या पोट्ट्यांनाही ठाऊक होता, तेवढा तिलाही होता. त्यापुढचं सगळं नळाने नेलं.

पाहुणी यायच्या दिवशी पंचफुलाचं घर गल्लीने मिळून सजवलं. तेव्हा तसंच होतं. एकीच्या घरी पाहुणा आला की दहाजणींच्या घरची भांडी कमी व्हायची. रुखमाबाईने लग्नातलं स्टीलचं ताट दिलं, कोपऱ्यावरच्या घरातून नवारीची बाज आली, कोणी चादर आणली, कोणी कंदिलाची काच राखेने घासून दिली. तलावाकडून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या सारवणाचा वास होता. सून प्रेमिला सकाळपासून कणीक तिंबत होती, कारण पंचफुलाचा हुकूम होता की पोळ्याबिळ्या नाही, उलट्या मटक्यावरची लांब रोटी व्हायला पाहिजे. ती रोटी म्हणजे हाताचं काम. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा अन् पेटत्या मटक्यावर अलगद टाकायचा. रोटीतून पलीकडचं माणूस दिसलं नाही तर पंचफुला ती मोजतच नसे.

"आत्याबाई, तुम्ही बोलसान काय पण तिच्यासंग?" प्रेमिलाने विचारलं.

"सगळं ठरवून ठेवलं. ती लाजून म्हणाली ना, पोट भरलं, का मी म्हणीन 'मुसावादा'. म्हणजे खोटं नोको बोलू. काही घ्याले अनमान केला का 'अदिन्नादाना'. म्हणजे न दिलेलं घेऊ नाही, पण हे तर मी देऊन राहिली ना, मंग घे."

"अन् तिले पाणी पाहिजे असंल तं?"

पंचफुलाने लोटी घासायला घेतली. "पाणी तं दिसतेच ना वं. बोट दाखवीन ती."

दुपार कलताना रिक्षा आली. पाहुणी पांढऱ्या साडीतली, हातात काळी छत्री, पायात रबरी चपला, अन् वय पंचफुलाएवढंच. नाव सोमावती. ती उतरली तशी पंचफुलाने लोटीभर पाणी पुढे केलं. सोमावती ते उभ्याउभ्या सगळं प्यायली अन् हसली. दात पंचफुलासारखेच, पुढचा एक नसलेला. गल्ली दोन्ही बाजूंनी भिंतीला लागून उभी होती. आनंदराव होते, चारुशीलाबाई होत्या. सगळ्यांचे डोळे पंचफुलाच्या तोंडाकडे.

"नमो बुद्धाय," पंचफुला म्हणाली.

"नमो बुद्धाय!" पाहुणीचा चेहरा उजळला.

एवढ्यावर ती थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण प्रेक्षक समोर असले की पंचफुलाला थांबता येत नसे. तिने हात जोडले अन् शीलं म्हणायला सुरुवात केली. सोमावती चपला काढून तिथेच अंगणात बसली, डोळे मिटून एकेक ओळ तिच्यामागून म्हणू लागली. दुसऱ्या शीलाला आनंदराव खूश होऊन पुरुष मंडळींची व्यवस्था पाहायला शाळेकडे निघाले. तिसऱ्याला पंचफुलाच्या मनात आलं, पाच शीलं तर ह्या चारुशीलालेही येतात. मग तिने भन्तेजी म्हाताऱ्यांना द्यायचे ती आठ शीलं धरली. लांबलचक, वळणावळणाची, एका दमात म्हणायची. तिचा आवाज चढत गेला. सोमावतीने एका ठिकाणी डोळे उघडून जरा चकित होऊन पाहिलं, पण पुन्हा मिटले अन् शेवटपर्यंत म्हटलं. ज्यांना त्या तीन जास्तीच्या शीलांचा अर्थ कळला असता ती म्हातारी मंडळी त्या वेळी मैदानावर होती.

"साधु, साधु, साधु," सोमावती म्हणाली अन् जमिनीला डोकं टेकवलं.

गल्ली गार पडली. पंचफुलाने चारुशीलाबाईंकडे असं पाहिलं की त्या म्हणाल्या, "येते मी," अन् गेल्या.

मग रुखमाबाईने झेंडूची माळ आणली. सोमावतीने ती हातात घेतली, कपाळाला लावली, पण गळ्यात घातली नाही, अलगद बुद्धाच्या तसबिरीला घातली. बरं, मोठ्या मनाची आहे, पंचफुलाला वाटलं.

दिवस बुडायला आला तसं तिने ताट वाढलं. भरीत, पाटोडीची रस्सेदार भाजी, घडी घातलेल्या दोन रोट्या, वर तुपाची धार. सोमावतीने ताटाकडे पाहिलं. जेवणाचा वास तिला आवडला होता, हे दिसत होतं. पण तिने हात जोडले, मान हलवली अन् ताट दोन बोटांनी पंचफुलाकडे सरकवलं.

"मुसावादा," पंचफुला हसून म्हणाली.

सोमावतीने गंभीरपणे हात जोडले. "मुसावादा वेरमणी," ती शील पुरं करत म्हणाली, अन् ताट तिथेच राहिलं.

पंचफुलाने ताट पुन्हा पुढे केलं. तिने पुन्हा हात जोडले. "अदिन्नादाना" झालं, तेही तिने भक्तिभावाने म्हटलं. रोटी थंड पडत गेली. तुपाचा थर पांढरा झाला. दारात डोकावणाऱ्या बाया एकेक करून मागे सरकल्या, कारण काय झालं ते त्यांना कळलं होतं, अन् कळलं नाही असं दाखवणं त्या घडीला बरं होतं.

बाजेचंही तेच झालं. चादर घातलेल्या बाजेकडे पाहून सोमावतीने नको म्हटलं अन् कोपऱ्यातल्या चटईकडे बोट केलं.

पंचफुला मागच्या अंगणात जाऊन दगडावर बसली. पाणी घेतलं तिने, पण ते गल्ली पाहत होती म्हणून भिडेने घेतलं असेल. माळ नको, ताट नको, बाज नको. पंचफुलाच्या डोळ्यांपुढे ते पारशिवनीकडचं अंगण आलं, सारवलेलं, झाडलेलं, अन् कडेला उभी असलेली आई.

आत मात्र सोमावती चुलीजवळ प्रेमिलाशेजारी जाऊन बसली होती. ती एकेका वस्तूकडे बोट दाखवायची, प्रेमिला नाव सांगायची. पाणी. मीठ. रोटी. चूल. सोमावती ते दोनदा म्हणायची अन् हसायची. मग तिने पोटावर हात फिरवून भुवया उंचावल्या.

"भूक," प्रेमिला म्हणाली. "मले भूक लागली."

"मले भूक लागली," सोमावतीने घोकलं. मग तिने रोटीच्या डब्याकडे बोट केलं, दाराबाहेर पूर्वेकडे बोट केलं, अन् दोन्ही हातांनी एक गोल हळूहळू वर नेला.

प्रेमिला धावत मागे आली. "आत्याबाई, ती सकाळी जेवीन म्हणते."

"म्हणंलच ना. सकाळी आनंदराव रिक्षा आणते. मंग चारुशीलाच्या घरी पंख्याखाली बसून जेवते."

"तसं नसंल वं माय..."

"तू नोको शिकवू मले. चाळीस वर्षं झाले, कोण जेवते अन् कोण जेवत नाही, हे मी चेहरा पाहून सांगतो."

सकाळी पंचफुलाने फक्त चहापुरती चूल पेटवली. बाज परत द्यायला उभी करून ठेवली. स्टीलचं ताट पुसून रुखमाबाईसाठी बाजूला काढलं. सोमावतीने आंघोळ केली, वंदना केली, अंगणात जाऊन निंबामागून वर आलेल्या सूर्याकडे पाहिलं, अन् आत येऊन सरळ चुलीपुढे मांडी घातली.

"पंचफुलाबाई," ती म्हणाली, "मले भूक लागली."

पंचफुलाच्या हातातली फुंकणी हातातच राहिली. प्रेमिला तोंडाला पदर लावून हसत होती. एवढ्यात बाहेर रिक्षाची घंटा वाजली. आनंदराव, चारुशीलाबाई, अन् सोबत यात्रेकरूंच्या जथ्यातले एक मास्तर, ज्यांना इंग्रजी येत होतं.

"मावशी, सामान बांधलं काय पाहुणीचं?"

"थांब गा," पंचफुला म्हणाली. "आधी हिले इचार. काल माह्या घरचं काहून नाही जेवली? अन् आज काहून मागून राहिली? माह्यासमोर इचार."

मास्तरांनी सोमावतीला विचारलं. सोमावती बराच वेळ बोलली, मध्ये दोनदा पंचफुलाकडे हात केला. मास्तर हसायला लागले. त्यांनी आनंदरावांना इंग्रजीत सांगितलं, अन् आनंदरावांनी या वेळी खाकरायच्या आधीच कपाळावर हात मारला.

"मावशी, तुम्ही काल तिले अष्टशील दिलं!"

"दिलं ना. अख्ख्या गल्लीसमोर दिलं."

"अवं, त्यातलं सहावं शील काय हाये? विकालभोजना! दुपारनंतर जेवाचं नाही, दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत. सातवं, माळ नाही घालाची. आठवं, उंच बाजेवर नाही झोपाचं. ती म्हणते, आमच्याकडे हे पौर्णिमेला घेतात, काल पौर्णिमा नव्हती, म्हणून मले नवल वाटलं. पण नागपुरात दसऱ्याआधी अशी रीत असंल, अन् घरधनीण स्वतः देते, तं आपण पाळाले पाहिजे. ती म्हणते, जेवणाचा वास एवढा चांगला होता, का मले झोप नाही आली."

गल्ली पुन्हा जमली होती, अन् आता ती अशी हसली की तलावाकडचे बगळे उठले असतील. चारुशीलाबाईही हसल्या, पण तोंडाने काही बोलल्या नाहीत. हे त्यांचं पंचफुला पुढे कैक वर्षं विसरली नाही.

पंचफुला हसली नाही. ती चटईकडे पाहत होती, जिच्यावर ही बाई उपाशी पडून राहिली होती. तिच्या आईने कितीदा काय काय म्हटलं होतं, पाटलाच्या अंगणात, सावकाराच्या दारात. त्या शब्दाला कोणी वजन दिलं नव्हतं. अन् तिने स्वतः, अर्थ ठाऊक नसताना, मिरवायसाठी बोललेले शब्द ह्या बाईने रात्रभर पाळले होते.

"मंग बरोबर केलं तिनं," ती शेवटी म्हणाली. चटई गुंडाळून तिने भिंतीला उभी केली. "शील म्हणजे शील. मी दिलं, तिनं पाळलं. तुमच्यातल्या कोणी पाळलं असतं काय? हसाले मात्र पुढं! प्रेमिले, मटका चढव. शिळ्या रोट्या गाईले दे. पाहुणीले ताजी."

"म्हणजे रिक्षा परत पाठवू?" आनंदरावांनी विचारलं.

"काहून? आलीच हाये तं बस तिच्यात, अन् चौकातून दही घेऊन ये. अन् तू काहून उभी वं चारुशीला? बस. मास्तर, तुम्हीबी बसा."

त्या सकाळी त्या घरात एवढी माणसं जेवली की सारवणावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. प्रेमिला रोट्या टाकत होती, पंचफुला वाढत होती. सोमावतीने पहिला घास घेतला तेव्हा पंचफुला वाढायचं सोडून पाहत उभी राहिली. भरिताने सोमावतीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पदराने पुसलं अन् भाकरीसारखी रोटी मोडता येत नाही म्हणून दोन्ही हातांनी फाडली. सकाळच्या उन्हात ती रोटी तिने वर धरली तर पलीकडचा मटक्याचा जाळ दिसत होता. मग ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" पंचफुलाने मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी आनंदरावांना सांगितलं. तोंडात रोटी असलेले आनंदराव म्हणाले, "अजून पाहिजे म्हणते."

सोमावती दसरा होईपर्यंत तिथेच राहिली, बाजेवर झोपली, झेंडूची माळ घालून मैदानावर गेली. ती जाईपर्यंत तिला प्रेमिलाकडून गल्लीतली अर्धी भाषा आली होती, कोंबडी हाकलायच्या शब्दांसकट. पंचफुलाची पाली तिथेच थांबली. पण रोज सकाळी चुलीपाशी बसून सोमावतीने तिला एकच शब्द शिकवला, तिच्या घरचा, वंदनेतला नसलेला. 'कॅवद?' म्हणजे जेवलीस का? स्टेशनवर गाडी हलली तेव्हा दोघी खिडकीच्या गजांतून तोच शब्द एकमेकींना विचारत होत्या, अन् उत्तर कोणीच देत नव्हतं.

नंतर पत्रं आली नाहीत. येणार कशी, दोघींनाही लिहिता येत नव्हतं. गल्लीत वीज आली, सिमेंट आलं, आनंदराव नंदनवनात प्लॉट घेऊन राहायला गेले. मटक्यावरची रोटी आता सणावारीच होते, अन् तीही प्रेमिला करते तेव्हाच. भांडी कोणी कोणाकडून मागत नाही, सगळ्यांकडे आहेत.

पंचफुला मात्र उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून विचारते, "कॅवद?" फेरीवाल्याला विचारते, पोस्टमनला विचारते. नातवंडांना वाटतं तो पारशिवनीकडचा शब्द आहे. प्रेमिला त्यांना सांगायला जाते, पण पंचफुला तिला हाताने गप्प करते, अन् उंबऱ्यावर आलेल्या माणसाला म्हणते, "मी इचारून राहिली ना, जेवला काय? नाही ना? मंग बस."